दंतोपचारासाठी लहान मुलांना भूल : कॅलिफोर्नियातील एका मृत्यूनंतर बदललेले प्रशिक्षणाचे नियम

मार्च २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑल्बनी या गावचा सहा वर्षांचा एक मुलगा दात काढून घेण्यासाठी ओरल सर्जनच्या, म्हणजे तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या दंतवैद्याच्या, दवाखान्यात गेला. त्याला कोणताही जुना आजार नव्हता. दवाखान्यात त्याला पूर्ण भूल देण्यात आली, त्यानंतर त्याचा श्वास थांबला, बाहेरून श्वास देण्याचे प्रयत्न पुरे पडले नाहीत आणि प्राणवायूअभावी मेंदूला झालेल्या इजेतून तो वाचला नाही. भूल देणारे आणि दात काढणारे डॉक्टर एकच होते. एकाच डॉक्टरने सहायकांच्या मदतीने ही दोन्ही कामे करावीत, ही रचना त्या वेळच्या राज्याच्या कायद्याला मान्य होती.

या प्रकरणाकडे अभ्यास म्हणून पाहायचे ते याच कारणासाठी. पदवी बनावट असती किंवा दवाखाना विनापरवाना चालत असता, तर दोष त्या ठिकाणापुरता राहिला असता आणि नियम तसेच चालू राहिले असते. येथे मात्र कायदा परवाना देताना नेमके काय तपासत होता, हाच प्रश्न उभा राहिला. मुलाच्या आईवडिलांनी आणि डॉक्टर असलेल्या एका नातेवाईक स्त्रीने तो राज्याच्या विधिमंडळापर्यंत नेला. २०१६ मध्ये एक कायदा झाला, २०१८ मध्ये दुसरा आणि १ जानेवारी २०२२ पासून लहान मुलांना गुंगी किंवा भूल देणाऱ्या दंतवैद्यांचे परवाने नव्या अटींवर मिळू लागले. पहिला कायदा आजही कॅलेबचा कायदा म्हणून, त्या मुलाच्याच नावाने ओळखला जातो.

आधीची व्यवस्था

दंतवैद्य आणि भूल यांचे नाते जुने आहे. १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइडचा उपयोग करून पाहणारे होरेस वेल्स आणि १८४६ मध्ये बॉस्टनच्या रुग्णालयात ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक करणारे विल्यम मॉर्टन हे दोघेही दंतवैद्य होते. या परंपरेमुळे अमेरिकेत ओरल सर्जनच्या शिक्षणात भूलशास्त्राला पहिल्यापासून जागा आहे. रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या, काळात त्यांना रुग्णालयाच्या भूल विभागात काही महिने काम करावे लागते आणि अक्कलदाढेसारख्या शस्त्रक्रिया दवाखान्यातच भूल देऊन करण्याची त्यांची पद्धत अनेक दशकांची आहे. किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांमध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. म्हणून तिच्यावर बोट ठेवले की तज्ज्ञांना ते आपल्या सगळ्या कामावरचे बोट वाटते. ही प्रतिक्रिया मला समजते. मात्र अठरा वर्षांच्या मुलाच्या अक्कलदाढेसाठी जे चालते, ते सहा वर्षांच्या मुलासाठी चालेलच असे गृहीत धरण्यात जुन्या नियमांची चूक होती.

त्या वेळी कॅलिफोर्नियात पूर्ण भुलीचा परवाना मिळवण्यासाठी ओरल सर्जरीची रेसिडेन्सी किंवा भूलशास्त्रातील किमान एक वर्षाचे प्रगत प्रशिक्षण लागे. शिरेतून मध्यम गुंगी देण्याच्या परवान्यासाठी ६० तासांचा अभ्यासक्रम आणि २० रुग्णांचा अनुभव पुरे असे. लहान मुलांना तोंडाने गुंगीचे औषध देण्यासाठी वेगळे प्रमाणपत्र होते, पण त्यासाठी सुमारे २५ तासांचे शिक्षण आणि एका मुलावरचा प्रत्यक्ष अनुभव एवढेच पुरत असे. पूर्ण भुलीच्या परवान्याला तर वयाची पायरीच नव्हती. एकदा परवाना हाती आला की समोर साठ वर्षांचे गृहस्थ असोत की दोन वर्षांचे मूल, कायद्याच्या दृष्टीने फरक नव्हता. डॉक्टरने याआधी किती लहान मुलांना भूल दिली आहे, असे परवान्याच्या अर्जात कोणी विचारत नव्हते.

मुलाचा श्वासमार्ग

हा प्रश्न कागदावरचा का नाही, हे समजण्यासाठी लहान मुलाच्या शरीराकडे थोडे थांबून पाहावे लागते. लहान मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते, टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी याच वयात सर्वांत वाढलेल्या असतात, श्वासनलिका अरुंद असते आणि मागचे डोके मोठे असल्याने उताणे झोपवले की मान पुढे झुकते. जागेपणी हे सगळे स्नायूंच्या ताणावर तोलून धरलेले असते. गुंगीने तो ताण सैल झाला की जीभ मागे पडते आणि छाती हलत असूनही आत हवा जात नाही. वरवर पाहणाऱ्याला मूल श्वास घेताना दिसते, आणि फसगत होते ती याच ठिकाणी.

वेळही हाताशी कमी असतो. वजनाच्या प्रमाणात लहान मुलाचे शरीर प्रौढापेक्षा बराच जास्त प्राणवायू वापरते आणि फुप्फुसांत शिल्लक राहणारा साठा मात्र लहान असतो. श्वास थांबल्यानंतर रक्तातील प्राणवायू किती वेगाने घसरतो याचे एक गणित भूलशास्त्रात सर्वत्र शिकवले जाते. आधी भरपूर प्राणवायू दिलेला असला, तरी १० किलो वजनाच्या निरोगी मुलात ही पातळी चार मिनिटांच्या आत ९० टक्क्यांवर येते, तर ७० किलोच्या निरोगी प्रौढात त्याला सुमारे आठ मिनिटे लागतात. आधी प्राणवायू दिलेला नसेल, तर हा अवधी फारच आखडतो. त्यातही पल्स ऑक्सिमीटर बोटाच्या टोकाशी वाचन करतो आणि ते वाचन घडलेल्या गोष्टीच्या मागून येते. पडद्यावर ९८ दिसत असतानाच श्वास थांबून अर्धे मिनिट उलटलेले असू शकते. कॅप्नोग्राफ हे यंत्र प्रत्येक उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजते आणि त्याची पडद्यावरची लाट एका श्वासापुरती जरी चुकली तरी लगेच दिसते. ही लाट सपाट होणे आणि ऑक्सिमीटरचा आकडा घसरू लागणे यांच्यामधला अवधी हाच मुलाला वाचवण्याचा खरा अवधी असतो, आणि तो वापरायचा तर त्या पडद्याकडे सतत पाहणारा माणूस हवा.

दंतोपचाराची आणखी एक अडचण आहे, जी पोटाच्या किंवा पायाच्या शस्त्रक्रियेत नसते. डॉक्टरचे काम चालते तीच जागा मुलाच्या श्वासाची वाट असते. पाण्याचा फवारा, रक्त, लाळ, कापसाचा बोळा, सुटलेला दाताचा तुकडा, हे सगळे तेथेच असते. अर्धवट गुंगीत स्वरयंत्रावर रक्ताचा किंवा पाण्याचा थेंब पडला तर स्वरतंतू घट्ट मिटतात, याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात. अशा वेळी तोंड तत्काळ साफ करून, जबडा पुढे उचलून, मास्क घट्ट बसवून शुद्ध प्राणवायू दाबाने द्यावा लागतो आणि तेवढ्याने भागले नाही तर स्नायू सैल करणारे औषध द्यावे लागते. वाक्यात हे सोपे वाटते. लहान चेहऱ्यावर मास्क एका हाताने असा धरणे की कडेने हवा गळणार नाही आणि जिभेखालच्या मऊ भागावर बोटांचा दाबही येणार नाही, हे हाताचे कसब आहे. ते पुस्तकाने येत नाही आणि वापरात नसेल तर टिकतही नाही.

औषधांच्या मात्रेचा मुद्दाही येथेच येतो, कारण भूल फक्त शिरेतून जात नाही. दात बधिर करण्यासाठी दाताजवळ टोचायच्या लिग्नोकेनची कमाल मात्रा मुलांमध्ये किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धरली जाते. १५ किलोच्या मुलाला म्हणजे ६६ मिलिग्रॅम. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या १.८ मिलिलिटरच्या एका काडतुसात, म्हणजे औषधाने भरलेल्या तयार नळीत, २ टक्के द्रावणाचे ३६ मिलिग्रॅम असतात, म्हणजे दुसरे काडतूस पुरे टोचले तरी मर्यादा ओलांडली जाते. आपल्याकडे ३० मिलिलिटरच्या बाटलीतून सिरिंजमध्ये औषध ओढण्याची पद्धत सर्रास आहे. तेथे हाच हिशेब ३.३ मिलिलिटरवर येऊन थांबतो. तोंडाच्या चारही बाजूंचे दात एकाच बैठकीत करायचे ठरवले की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते, आणि गुंगीच्या औषधाबरोबर तिचा मेंदूवरचा परिणाम वाढतो.

पायऱ्यांचा भ्रम

कायद्यात आणि पाठ्यपुस्तकात गुंगीच्या चार पायऱ्या सांगितल्या जातात : हलकी, मध्यम, खोल आणि पूर्ण भूल. परवानेही या पायऱ्यांनुसार मिळतात. प्रत्यक्षात या पायऱ्यांमध्ये भिंती नसतात. तोंडाने दिलेल्या औषधाचा परिणाम कोणत्या मुलावर किती होईल, हे आधी नेमके सांगता येत नाही. मूल रडते म्हणून थोडे आणखी दिले, मग काम थांबले, दुखणे थांबले, आणि आता त्याला जागे ठेवणारे काहीच उरले नाही, अशा वेळी मध्यम गुंगी बघता बघता खोल होते. म्हणूनच भूलशास्त्रात एक सूत्र मानले जाते : ज्या पायरीवर मुलाला ठेवायचे आहे, तिच्याही पुढच्या पायरीवरून त्याला परत आणण्याची क्षमता डॉक्टरकडे असली पाहिजे. माझ्या मते प्रशिक्षणाचा कोणताही नियम याच सूत्राच्या कसोटीवर घासून पाहावा. औषध किती द्यायचे हे शिकायला तास पुरतात, तर परत आणणे शिकायला मुले, रुग्णालय आणि जाणता शिक्षक लागतो.

हे भान एका रात्रीत आलेले नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांच्या गुंगीविषयीची पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९८५ मध्ये प्रसिद्ध केली, त्यामागे एकाच दंत दवाखान्यात झालेले तीन बालमृत्यू होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९८० ते २०११ या काळात अमेरिकेत दंतोपचाराच्या भुलीशी जोडलेले ४४ बालमृत्यू वृत्तपत्रांच्या बातम्यांतून शोधून काढले. त्यांपैकी २१ मुले दोन ते पाच वर्षांची होती. बातमीपर्यंत न पोहोचलेले मृत्यू या आकड्यात नाहीत, आणि अशा मृत्यूंची नोंद सक्तीने एका ठिकाणी जमा करणारी यंत्रणा नसल्याने संशोधकांना वृत्तपत्रांवर विसंबावे लागले, ही बाब मला आकड्याइतकीच गंभीर वाटते.

कायदा कसा बदलला

२०१६ मध्ये रिचमंडचे प्रतिनिधी टोनी थर्मंड यांनी मांडलेले असेंब्ली विधेयक २२३५ गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या सहीने कायदा झाले. त्याने प्रशिक्षणाच्या अटी लगेच बदलल्या नाहीत. राज्याच्या डेंटल बोर्डाने मुलांच्या भुलीचे नियम पुरेसे आहेत का हे तपासून १ जानेवारी २०१७ पर्यंत विधिमंडळाला अहवाल द्यावा, दुर्घटनेची माहिती बोर्डाला कळवताना अधिक तपशील द्यावा आणि अल्पवयीन मुलाच्या पालकांच्या संमतिपत्रात एक ठरावीक मजकूर यावा, असे त्याने सांगितले. भूल देण्याची आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याची पद्धत डॉक्टर, वय, प्रकृती आणि जागा यांनुसार बदलते, धोकेही त्याप्रमाणे बदलतात, आणि पालकांनी आपल्या मुलासाठी उपलब्ध असलेले सर्व पर्याय समजून घेऊन दंतवैद्याशी किंवा बालरोगतज्ज्ञाशी बोलावे, असा तो मजकूर आहे. त्याने पालकाच्या हाती प्रश्न विचारण्याचे कारण दिले, यापलीकडे त्याचे ओझे मी वाढवणार नाही. शस्त्रक्रियेच्या सकाळी, उपाशी मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईने त्या परिच्छेदावरून पर्यायांचा अभ्यास करावा, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही.

खरा बदल २०१८ मध्ये सिनेटर स्टीव्ह ग्लेझर यांच्या सिनेट विधेयक ५०१ ने झाला. या कायद्याने वयाला परवान्यात जागा दिली. सात वर्षांखालील मुलांना खोल गुंगी किंवा पूर्ण भूल द्यायची तर परवान्यावर बालरुग्णांसाठीची वेगळी मान्यता हवी, आणि ती मिळवण्यासाठी मुलांच्या भुलीत प्रावीण्य देणारी मान्यताप्राप्त रेसिडेन्सी, मागच्या २४ महिन्यांत सात वर्षांखालील किमान २० मुलांना अशी भूल दिल्याचा अनुभव आणि पॅल्स हे बालरुग्णांच्या जीवरक्षणाचे चालू प्रमाणपत्र लागते. नूतनीकरणाच्या वेळीही अनुभव दाखवावा लागतो. ज्यांची संख्या भरत नाही त्यांना मान्यताधारकाच्या थेट देखरेखीखाली काम करून ती भरता येते. मध्यम गुंगीच्या परवान्यातही अशीच वयाची विभागणी झाली, म्हणजे १३ वर्षांखालील मुलांसाठी २० आणि सात वर्षांखालील मुलांसाठी त्या वयोगटातील आणखी २० रुग्णांचा अनुभव. १३ वर्षांखालील मुलांना हलकी गुंगी देणाऱ्या दंतवैद्यांसाठीही वेगळा परवाना आला. त्यासाठी बालदंतवैद्यकासारखी रेसिडेन्सी किंवा किमान २४ तासांचे शिक्षण आणि एका मुलावरील प्रत्यक्ष अनुभव लागतो.

सर्वांत मोलाची तरतूद माणसांविषयीची आहे. १३ वर्षांखालील मुलाला खोल गुंगी किंवा पूर्ण भूल दिली असताना शस्त्रक्रिया करणाऱ्या दंतवैद्याखेरीज आणखी किमान दोन व्यक्ती पूर्ण वेळ हजर असाव्यात. दंतवैद्य स्वतःच भूल देत असेल तर त्यांपैकी एकीचे काम फक्त मुलाकडे आणि यंत्रांकडे पाहण्याचे असावे. ऑक्सिमीटर, हृदयालेख, रक्तदाब आणि कॅप्नोग्राफ वाचण्याचे आणि त्यांवरून तत्काळ कृती करण्याचे प्रशिक्षण तिने घेतलेले असावे. दंतवैद्याबरोबर किमान एका सहायकाकडे पॅल्स प्रमाणपत्रही असावे. सक्शन धरणे, उपकरणे देणे आणि मधूनच पडद्याकडे पाहणे ही तीन कामे एकाच सहायकाकडे देण्याची मुभा मुलांच्या बाबतीत संपली.

जे राहून गेले

येथे मतभेद सुरू होतात, आणि मला स्वतःला या कायद्यात अर्धेच काम झाल्यासारखे वाटते. लक्ष ठेवणारी व्यक्ती वेगळी झाली, तरी ती भूल देण्यास पात्र असावीच असे कायदा म्हणत नाही. ती धोका ओळखेल, ओरडून सांगेल, प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात शिकलेल्या गोष्टी करील. मात्र श्वास थांबला की मास्क धरणारे सर्वांत कसलेले हात त्याच डॉक्टरचे असतात, ज्याच्या हातात त्या क्षणी चिमटा आणि उघडी जखम असते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स आणि बालदंतवैद्यांची संघटना असलेली अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक डेंटिस्ट्री यांनी २०१९ मध्ये मिळून सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे याच्या पुढे जातात. दंत दवाखान्यात मुलाला खोल गुंगी किंवा पूर्ण भूल देताना लक्ष ठेवणारी स्वतंत्र व्यक्ती ही भूलतज्ज्ञ डॉक्टर, भूल देणारी प्रमाणित परिचारिका, भूलशास्त्रातील दंतवैद्य किंवा दुसरा ओरल सर्जन यांपैकीच असावी, असे ती सांगतात. ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. तरीही या मुलाच्या प्रकरणातून निघणारे नेमके उत्तर मला तेच दिसते.

वीस मुलांच्या अटीचेही खोलात जाऊन परीक्षण व्हायला हवे. २४ महिन्यांत २० म्हणजे महिन्याला एकही पुरे भरत नाही. त्यातच लॅरिंगोस्पाझम किंवा श्वास पूर्ण थांबणे ही रोजची घटना नाही, त्यामुळे वीसच्या वीस मुले सुरळीत पार पडली तर संख्या भरते, आणि ज्या क्षणासाठी हे सगळे प्रशिक्षण आहे तो क्षण मात्र डॉक्टरने एकदाही पाहिलेला नसतो. रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहात मुलांच्या भुलीचे काम शिकणाऱ्याच्या बाबतीत असे होत नाही, कारण तेथे जवळजवळ प्रत्येक मुलाला भूल देताना मास्कने श्वास द्यावा लागतो आणि हाताला रोज सराव मिळतो. दंत भूलशास्त्राची अमेरिकेतील रेसिडेन्सी तीन वर्षांची आहे. तिच्यात किमान ८०० रुग्णांना खोल गुंगी किंवा पूर्ण भूल द्यावी लागते आणि त्यांत सात वर्षांपर्यंतची किमान १२५ मुले असावी लागतात. अमेरिकेत या शाखेला मार्च २०१९ मध्ये दंतवैद्यकातील स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. १२५ आणि २० यांतील अंतर एवढे मोठे आहे की दोघांनाही एकाच कामाचा परवाना मिळावा, हे मला पटवून घेता येत नाही.

पॅल्स प्रमाणपत्राविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण पालकांना भिंतीवर तेच लावलेले दिसते. साधारण दोन दिवसांचा अभ्यासक्रम आणि दोन वर्षांची मुदत असलेले हे प्रमाणपत्र उपयुक्त आहे, त्याशिवाय कोणीही मुलाला गुंगी देऊ नये. त्यात शिकवलेले हृदयाच्या आणि श्वासाच्या विकारांचे तक्ते संकटात विचाराला रांगेत लावतात. पण रबरी बाहुलीवर दोन वर्षांतून एकदा केलेला सराव आणि दवाखान्याच्या स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीवर, स्वतःच्या सहायकांसह केलेला सराव यांत फार फरक आहे. खुर्ची आडवी व्हायला किती सेकंद लागतात, छाती दाबताना ती डोलते का आणि पाठीखाली आधाराला स्टूल सरकवावे लागते का, मुलांच्या मापाची अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) व मास्क कोणत्या खणात आहेत, सिलिंडर उघडायची किल्ली त्याच्याच गळ्यात अडकवलेली आहे का, ॲम्ब्युलन्सला फोन कोण करणार आणि खाली दाराशी कोण उभे राहणार, या गोष्टी कोणत्याही वर्गात शिकवता येत नाहीत. कॅलिफोर्नियात पूर्ण भुलीचा परवाना असलेल्या दवाखान्याची प्रत्यक्ष पाहणी किमान दर पाच वर्षांनी होते. पाच वर्षांत सहायकांची सगळी फळी बदललेली असू शकते.

या सगळ्याच्या विरोधात मांडला जाणारा मुद्दा हलका नाही. दुधाच्या दातांची कीड हा मुख्यतः गरीब घरांतील मुलांचा आजार आहे. दहा-बारा दात किडलेले, रात्री दुखण्याने न झोपणारे तीन वर्षांचे मूल जागेपणी उपचार करू देत नाही, रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाची तारीख अनेक महिन्यांनी मिळते आणि वेगळा भूलतज्ज्ञ आणला की त्याचे शुल्क सरकारी विम्यातून पुरे सुटत नाही. दोन पात्र माणसांची सक्ती केली तर यातील काही मुले उपचाराविना राहतील, असे दंतवैद्यांच्या संघटनांचे म्हणणे होते आणि ते खरे असू शकते. पण त्याचे उत्तर मुलांच्या बाजूला सुरक्षेची कमी प्रत ठेवणे, हे होत नाही. उत्तराचे काही भाग हाताशी आहेत. सिल्व्हर डायमीन फ्लुओराइड हे कीड थांबवण्यासाठी दातावर लावायचे द्रव औषध अमेरिकेत २०१५ पासून उपलब्ध आहे. ते दात काळा करते, पण अनेक लहान मुलांना भुलीशिवाय दोन-तीन वर्षे निभावून नेते आणि मूल समजूतदार वयात आले की पुढचे काम खुर्चीत जागेपणी करता येते. तीन वर्षांखालील मुलांमध्ये दीर्घ किंवा वारंवार भुलीविषयी अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेली धोक्याची सूचना लक्षात घेता, थांबता येण्यासारखे असेल तेथे थांबण्याला वैद्यकीय कारणही आहे.

ब्रिटनने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. दंत दवाखान्यांतील भुलीचे मृत्यू तेथेही घडत होते. दंतोपचारातील भुलीविषयीचा १९९० चा पोस्विलो अहवाल आणि २००० सालचा सरकारी अहवाल यांनंतर इंग्लंडमध्ये ३१ डिसेंबर २००१ पासून दंतोपचारासाठी पूर्ण भूल केवळ अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयातच देता येते. दवाखान्यात फक्त शुद्धीवर राहू देणारी गुंगी उरली. रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या त्यामुळे लांबल्या, हे तेथील पालकांनी सोसलेले आहे. तरीही दोन्ही देशांची तुलना करताना मला ब्रिटनचा निर्णय अधिक सरळ वाटतो, कारण तो डॉक्टरच्या अनुभवाची संख्या मोजत बसण्याऐवजी संकट आल्यावर आसपास कोण असेल हे आधी ठरवतो.

मराठी पालकांसाठी

कॅलिफोर्नियातील सॅन होजे आणि फ्रीमाँटच्या परिसरात मोठ्या संख्येने राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा कायदा थेट लागू आहे, आणि त्यांच्या मुलांच्या संमतिपत्रात वर सांगितलेला तो परिच्छेद असतो. दंतवैद्याकडे कोणता परवाना आहे, त्यावर मुलांसाठीची मान्यता आहे का आणि ती कोणत्या वयापर्यंतची आहे, हे त्यांनी तारीख ठरवतानाच विचारावे. भूल देणारी व्यक्ती आणि दात करणारी व्यक्ती वेगळी असेल का, हा दुसरा प्रश्न. वेगळी नसेल आणि मूल सात वर्षांखालचे असेल, तर दुसरा दवाखाना शोधण्यात काहीही गैर नाही. केवळ नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू नाकावाटे देऊन होणारे काम या चर्चेत मोडत नाही, त्यात मूल बोलत राहते आणि वायू बंद केला की काही मिनिटांत पूर्ववत होते.

महाराष्ट्रात चित्र निराळे आहे आणि एका बाबतीत चांगले आहे. येथे लहान मुलांचे बरेच दात एकाच वेळी करायचे असले की बालदंतवैद्य भूलतज्ज्ञाला बोलावतात किंवा मुलाला नर्सिंग होममध्ये घेतात, आणि भूलतज्ज्ञ हा एमडी किंवा डीए (भूलशास्त्रातील पदविका) झालेला, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेला डॉक्टर असतो. म्हणजे अमेरिकेत ज्यावरून इतका वाद झाला ती दुसरी पात्र व्यक्ती आपल्या रीतीत पहिल्यापासून आहे. कमतरता असते ती जागेत. भूलतज्ज्ञ आपल्या पिशवीतून औषधे आणि मास्क आणतो, पण दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, प्राणवायूचा एकच सिलिंडर असतो, कॅप्नोग्राफ नसतो आणि जाग येईपर्यंत मुलाजवळ बसायला वेगळी परिचारिका नसते. या गोष्टी विचारायला पालक संकोचतात. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेआधी मुलाला तपासायला येणार आहेत का, कॅप्नोग्राफ आहे का, काम संपल्यावर ते किती वेळ थांबतील आणि जवळचे अतिदक्षता केंद्र कोणते ठरवले आहे, एवढे विचारले तरी दवाखान्याची तयारी कळते. उपाशीपणाच्या सूचनाही लेखी घ्याव्यात : जेवण किंवा दूध सहा तास आधी बंद, अंगावरचे दूध चार तास, साधे पाणी दोन तास. आजीने प्रेमाने भरवलेले दोन घास कबूल करायला घरात कोणी लाजू नये, त्या दिवशीचे काम पुढे ढकलले तरी चालते.

घरी नेतानाचा प्रवास हा या उपचाराचाच भाग धरावा. गुंगी पुरी उतरलेली नसताना मूल गाडीच्या सीटवर झोपी गेले की मान पुढे पडते आणि जीभ पुन्हा वाट अडवते, म्हणून गाडी चालवणाऱ्याखेरीज आणखी एक मोठे माणूस मागे मुलाशेजारी, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसलेले असावे. मूल हाक मारल्यावर डोळे उघडते, आपले आपण बसते आणि त्याच्या वयाप्रमाणे बोलते, हे तपासल्याखेरीज त्याला घरी सोडू नये, आणि तोपर्यंत भूल देणाऱ्याने दवाखाना सोडू नये.